एक प्रत घरी

पहिला कन्नड बोलपट कोल्हापुरात तयार झाला, ही गोष्ट सारा जन्म बंगळुरात काढूनही मला बरीच उशिरा कळली. ‘सती सुलोचना’ हे त्याचं नाव. वाय. व्ही. राव यांनी तो छत्रपती सिनेटोनमध्ये चित्रित केला, आर. नागेंद्रराव त्यात रावण झाले, आणि ३ मार्च १९३४ रोजी तो बंगळुरात सिटी मार्केटजवळच्या पॅरामाउंट थिएटरात लागला. आम्ही इथले मराठी लोक दोन मुलखांचं नातं सांगायला लागलो की शहाजीराजांच्या जहागिरीपासून सुरुवात करतो आणि मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर देवळाशी व्यंकोजीराजांचं नाव जोडतो. त्या यादीत हा बोलपट कुणी घेत नाही. घेतला तरी दाखवायला हाताशी काही नाही, कारण ‘सती सुलोचना’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

हे मला कळलं त्या सुमारास मी घरी एक निराळंच काम काढलं होतं. बाबा गेल्यानंतर राजाजीनगरचं घर आवरताना त्यांच्या कपाटात ३८ व्हीएचएस कॅसेटी आणि बुटांच्या दोन खोक्यांत भरलेल्या व्हीसीडी निघाल्या. टाकवत नव्हत्या, आणि लावून बघायला यंत्र नव्हतं. शेवटी ठरवलं, की हे सगळं डिस्कवर उतरवायचं आणि घरातल्या टीव्हीवर, फोनवर, आईच्या टॅबवर बघता येईल अशी सोय करायची. याला हल्ली घरचा मीडिया सर्व्हर म्हणतात. नाव भारदस्त आहे. प्रत्यक्षात तो म्हणजे माळ्यावरून काढलेला एक जुना संगणक, एस. पी. रोडवरून आणलेली ४ टेराबाइटची डिस्क आणि राउटरपर्यंत गेलेली एक केबल.

चित्रपटाची प्रत घरी असणं ही आपल्याकडे फार अलीकडची गोष्ट आहे. सुरुवातीची जवळजवळ ७० वर्षं चित्रपट म्हणजे वितरकाच्या डब्यातली रिळं. खेळ संपले की डबे परत. त्या काळची नायट्रेटची फिल्म भसकन पेट घेणारी, त्यामुळे सांभाळणं धोक्याचं आणि खर्चाचं. उलट तिच्यातली चांदी काढून विकली तर चार पैसे सुटत. बोलपट आले आणि मूकपटांना गिऱ्हाईक उरलं नाही. दादासाहेब तोरण्यांचा ‘श्री पुंडलिक’ (१९१२) गेला. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या (१९१३) चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं उरलं, आणि तीही १९१७ साली नव्याने केलेल्या चित्रपटाची असावीत असं काही अभ्यासक मानतात. ‘आलम आरा’ (१९३१) गेला. पुढच्याच वर्षीचा प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ राहिला, म्हणून पहिला मराठी बोलपट आपल्याला आज बघता तरी येतो.

पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं ते १९६४ साली, म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’नंतर ५१ वर्षांनी. पी. के. नायर यांनी त्यानंतर कित्येक वर्षं जिथून मिळतील तिथून रिळं गोळा केली. मूकपटांचं जे थोडंफार उरलं आहे त्यातलं बरंचसं त्यांच्यामुळे. पण जमवून ठेवलेलंही सुरक्षित असतंच असं नाही. ८ जानेवारी २००३ रोजी फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात नायट्रेटच्या रिळांच्या कोठाराला आग लागली आणि जमवलेली रिळं जळून गेली. ज्या रिळांची दुसरी प्रत कुठेच नव्हती ती कायमची गेली.

घरी प्रत ठेवण्याची शक्यता आणली ती व्हीसीआरने. अमेरिकेत टीव्हीवरचा कार्यक्रम घरी ध्वनिचित्रमुद्रित करणं हा गुन्हा आहे का, यावर युनिव्हर्सल आणि डिस्ने या कंपन्यांनी सोनीवर खटला भरला होता. १९८४च्या जानेवारीत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला, की नंतर बघण्यासाठी घरी मुद्रण करायला हरकत नाही. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर घरातल्या संग्रहांचा इतिहास वेगळा झाला असता. आपल्याकडे १९८२च्या एशियाडबरोबर रंगीत दूरदर्शन आलं आणि पाठोपाठ व्हीसीआर. तो विकत घेणारे थोडे. बाकीच्यांनी एका रात्रीसाठी भाड्याने आणायचा, शेजारपाजार गोळा करायचा आणि पहाटेपर्यंत तीन चित्रपट उरकायचे.

बाबांच्या कॅसेटींचा उगम मात्र भाड्याच्या दुकानात नव्हता. मुंबई दूरदर्शनचे मराठी कार्यक्रम तेव्हा बंगळुरात दिसत नसत. दादरला राहणाऱ्या मामाकडे व्हीसीआर होता. तो चित्रपट, नाटकं, मुलाखती भरून ठेवी, आणि उद्यान एक्सप्रेसने कुणी इकडे येणार असलं की त्याच्या पिशवीत दोन कॅसेटी येत. बघून झाल्या की कधी परत जात, कधी राहून जात. राहिल्या त्या या ३८.

पुढे व्हीसीडी आली. १९९३ साली ठरलेलं हे स्वरूप पाश्चात्त्य देशांत फारसं चाललं नाही. आशियात घरोघर पोचलं. एका तबकडीत ७४ मिनिटं मावत, म्हणून एका चित्रपटाला दोन किंवा तीन तबकड्या, आणि ऐन रंगात आलेलं असताना कुणीतरी उठून तबकडी बदलायची. मोझर बेअर कंपनीने २००७च्या सुमारास २८ रुपयांना व्हीसीडी विकायला काढली तेव्हा बाबांनी सपाटाच लावला. त्या खोक्यांमधल्या निम्म्याअधिक तबकड्या त्या वर्षा-दोन वर्षांतल्या आहेत.

व्हीसीडी उतरवणं सोपं गेलं. तिला कुलूप नसतं; संगणकात घातली की फाइल सरळ दिसते. कॅसेटींनी परीक्षा पाहिली. व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची कंपनी, जपानची फुनाई. तिने २०१६च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवलं. त्याच वर्षीच्या जानेवारीत नेटफ्लिक्स भारतात आलं होतं. मला एक जुना व्हीसीआर ओळखीतून मिळाला. पण निम्म्या कॅसेटींना आतून पांढरी बुरशी लागली होती. तशीच कॅसेट चालवली तर यंत्राचं हेड बरबटतं आणि पुढची चांगली कॅसेटही खराब होते. म्हणून आधी कॅसेट उघडून फीत हलक्या हाताने पुसायची, मगच लावायची. शिवाय कॅसेट घाईने उतरवता येत नाही. तीन तासांच्या कॅसेटीला तीन तासच लागतात. डीव्ही स्वरूपात तासाला साधारण १३ जीबी जागा जाते, म्हणजे ३८ कॅसेटींना दीड टेराबाइटच्या आसपास. तेवढी जागा होती.

पहिल्या पाच कॅसेटींच्या वेळी मी एक चूक केली. चित्रपटांच्या मधल्या जाहिराती, निवेदिकेचं बोलणं, ‘व्यत्यय’ची पाटी हे सगळं कापून टाकलं आणि मूळ फाइल पुसली. जागा वाचवल्याचं समाधान होतं. सहाव्या कॅसेटीच्या वेळी आई शेजारी बसली होती. चित्रपटाकडे तिचं फारसं लक्ष नव्हतं. जाहिराती लागल्या तशी ती सावरून बसली आणि सोबत गुणगुणायला लागली. तेव्हा लक्षात आलं, की तो चित्रपट याहून स्वच्छ प्रतीत दुसरीकडे मिळतो, पण ती संध्याकाळ जशी प्रसारित झाली तशी कदाचित फक्त या फितीवर आहे. बीबीसीसारख्या संस्थेने फिती महाग म्हणून १९६० आणि ७०च्या दशकांत आपलेच कार्यक्रम पुसले; ‘डॉक्टर हू’चे अनेक भाग त्यात गेले. याउलट फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स या बाईंनी १९७९पासून २०१२ साली मृत्यू येईपर्यंत घरी बसून टीव्हीवरच्या बातम्या हजारो कॅसेटींवर भरून ठेवल्या. लोकांना ते वेड वाटलं, आणि आज अभ्यासकांना तोच ठेवा आहे. माझ्या त्या पाच कॅसेटी मी पुन्हा उतरवायला घेतल्या. चार उतरल्या. पाचवीची फीत तुटली.

सर्व्हर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही इतिहास आहे, आणि तोही घरगुतीच म्हणावा असा. पॅरिसच्या एकोल सांत्राल या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना १९९०च्या दशकात वसतिगृहातलं जाळं वेगवान करून हवं होतं, मुख्यतः खेळ खेळायला. खेळांसाठी पैसे कोण देणार? म्हणून त्यांनी उपग्रहावरचा टीव्ही जाळ्यावरून खोल्याखोल्यांत पोचवण्याची योजना मांडली. त्यासाठी १९९६पासून लिहिलेल्या सर्व्हर आणि क्लायंटपैकी क्लायंट म्हणजे आपल्या सगळ्यांच्या संगणकावर नारिंगी शंकूचं चिन्ह घेऊन बसलेला व्हीएलसी. २००१ साली तो मुक्त परवान्याखाली आला. २००२ साली काही हौशी मंडळींनी एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रावर चित्रपट चालवणारा प्रोग्राम लिहिला. त्याचं आजचं नाव कोडी. त्याच्यातून २००८ साली प्लेक्स निघालं. पुढे एम्बी नावाच्या दुसऱ्या एका प्रकल्पाने २०१८च्या डिसेंबरमध्ये आपला स्रोत बंद केला, तेव्हा काहींनी आधीच्या खुल्या आवृत्तीची प्रत घेऊन जेलीफिन उभारलं. मी जेलीफिन घेतलं. ते चालवायला बाहेरच्या कुणाकडे खातं उघडावं लागत नाही, आणि उद्या ते लिहिणाऱ्यांनी हात वर केले तरी माझ्याकडची प्रत चालू राहते.

सर्व्हर सुरू झाला आणि खरं काम पुढे आलं. फाइलच्या नावात चित्रपटाचं नाव आणि साल नीट लिहिलं की सॉफ्टवेअर इंटरनेटवरच्या सूचीतून पोस्टर, कलाकार, सारांश आणून लावतं. इंग्रजी चित्रपटांचं हे झटक्यात होतं. मराठीची तऱ्हा वेगळी. काहींची नोंदच नव्हती, काहींचं साल चुकलेलं, आणि एका जुन्या नाटकाला त्याने त्याच नावाच्या कुठल्यातरी हाणामारीच्या चित्रपटाचं पोस्टर डकवलं. मी एकेक नोंद हाताने भरायला बसलो.

ते करताना पोथ्यांची आठवण होत राहिली. छापखाना येण्याआधी मराठी ग्रंथ टिकले ते कुणीतरी घरी बसून नक्कल केली म्हणून. तुकोबांचे अभंग टिकवण्यात संताजी जगनाड्यांच्या वह्यांचा वाटा मोठा. पण नकलेतून नक्कल होताना चुका शिरतात. शके १२१२च्या ज्ञानेश्वरीत इतके पाठ शिरले होते की शके १५०६मध्ये एकनाथांना शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. प्रती पुष्कळ असाव्या लागतात, आणि त्यांतली नावं, सालं, शब्द कुणीतरी तपासलेलेही असावे लागतात. यातलं एक असून भागत नाही.

स्ट्रीमिंगच्या काळात या उठाठेवीची गरज काय, असं माझी मुलगी विचारते. तिला मी गेल्या वर्षीचा अनुभव सांगितला. आईला आवडणारा एक मराठी चित्रपट एका सेवेवर होता. वर्गणी भरली, आठवड्याने बघू म्हटलं, तोवर परवान्याची मुदत संपून तो तिथून गेला होता. आपण तिथे भाडेकरू असतो. घरच्या प्रतीलाही मर्यादा आहेत. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं ५२वं कलम खासगी वापरासाठी ‘उचित व्यवहारा’ला मोकळीक देतं, २०१२ साली आलेलं ६५ए कलम हक्कभंगाच्या हेतूने डिजिटल कुलूप तोडणं गुन्हा ठरवतं. म्हणून हा संग्रह घरातच चालतो. बाहेर कुणाला त्याचा दुवा देत नाही. आणि एका डिस्कवरचा संग्रह म्हणजे पुन्हा एकच कोठार. दुसरी डिस्क खोलीत, तिसरी बेळगावला बहिणीकडे ठेवली आहे.

बेळगावच्या डिस्कवर चित्रपट मुळीच नाहीत. तिथे फक्त ज्याची दुसरी प्रत नाही ते ठेवलं. त्यात ‘गणपती ९१’ एवढंच लिहिलेली एक कॅसेट आहे. इथल्या एका मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात झालेली एकांकिका, कुणीतरी भाड्याच्या कॅमेऱ्याने टिपलेली. आवाज घुमतो, पडदा मध्येच अडकतो, आणि बाबा घरमालकाच्या भूमिकेत चुकीच्या दाराने आत येतात. कुठल्याच सूचीत या एकांकिकेची नोंद नाही, आणि कधी होणारही नाही. तिथली रकाने मीच भरतो आहे: स्थळ बंगळूर, भाषा मराठी, साल १९९१, कलाकार अकरा.

आईच्या मदतीने त्यातली सात नावं लागली. उरलेल्या चार जणांचे चेहरे मोठे करून तिच्या टॅबवर दिले आहेत. त्यातल्या एकीला ओळखणारी मैत्रीण बसवनगुडीला राहते. उद्या दुपारी आई तिला फोन करणार आहे.