गृहशिक्षणातील इतिहासाचा अभ्यासक्रम

शाळेत न जाता घरी शिकणाऱ्या माध्यमिक वयाच्या विद्यार्थ्यासाठी इतिहासाचा कालखंड, क्रम, ग्रंथ व साधने ठरविण्याची योजना. गणित किंवा व्याकरण यांची रचना बरीचशी त्या विषयातूनच ठरते. इतिहासाचे तसे नाही. कोणत्या घटना घ्याव्यात, कोणत्या वगळाव्यात आणि त्या कोणाच्या दृष्टीने सांगाव्यात, हा निर्णय निवड करणाऱ्यावर अवलंबून असतो. शाळेत हा निर्णय मंडळे, पाठ्यपुस्तके व शिक्षक यांच्यामध्ये विभागला जातो. घरी तो एकट्या पालकावर किंवा शिक्षकावर येऊन पडतो.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे सर्वांत बोधप्रद उदाहरण मावळाशी निगडित आहे. पुणे–लोणावळा लोहमार्गावर घोरावाडीच्या पुढे तळेगाव, वडगाव, कान्हे ही स्थानके ओलांडली की कामशेत लागते. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई (१८६५–१९५९) यांनी बडोद्याच्या सेवेतून निवृत्त झाल्यावर येथे वास्तव्य केले व येथेच त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या रियासतींचा उगम राजपुत्रांच्या घरगुती शिकवणीत आहे.

पूर्वपीठिका : पेशवाईच्या काळात पंतोजींच्या शाळेत लेखन, वाचन व हिशेब यांवर भर असे, इतिहास हा स्वतंत्र विषय नव्हता. पूर्वजांची माहिती बखरी, पोवाडे, वंशावळी व घरातील वडीलधाऱ्यांच्या गोष्टी यांतून मिळे. जेम्स ग्रँट डफ याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. डेव्हिड केपन याने केलेले त्याचे मराठी भाषांतर लवकरच उपलब्ध झाले आणि शाळांतून दीर्घकाळ त्याचाच आधार घेतला गेला. नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६७–६८ च्या सुमारास तरुण वयात या ग्रंथावर टीका लिहून त्यातील दोष दाखविले. प्रचलित पाठ्यग्रंथ हा प्रमाण मानण्यापूर्वी मूळ साधनांशी ताडून पाहिला पाहिजे, ही जाणीव मराठीत येथून बळावली.

बडोद्यातील प्रयोग : तिसरे सयाजीराव गायकवाड (१८६३–१९३९) हे स्वतः अशाच खास शिक्षणातून घडले होते. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे येथील शेतकरी कुटुंबातील हा मुलगा १८७५ मध्ये दत्तक घेतला गेला. त्याच्या शिक्षणाची व्यवस्था एलियट या इंग्रज अधिकाऱ्याकडे सोपविण्यात आली. दिवाण सर टी. माधवराव यांनी राज्यकारभारावर त्याला दिलेली व्याख्याने पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. १८८१ मध्ये सयाजीरावांना राज्याधिकार मिळाले. भावी राजाला उपयुक्त तेवढेच ज्ञान द्यावयाचे, असा या शिक्षणाचा हेतू उघड होता.

सरदेसाई १८८९ मध्ये सयाजीरावांच्या सेवेत वाचक म्हणून रुजू झाले व पुढे राजपुत्रांचे शिक्षक झाले. महाराजांच्या सेवेत असतानाच त्यांनी मॅकिआव्हेलीचा ग्रंथ राजधर्म या नावाने आणि सीलीचा ग्रंथ इंग्लंड देशाचा विस्तार या नावाने मराठीत आणला. राजपुत्रांना इतिहास शिकविण्यासाठी मात्र समाधानकारक पुस्तक हाती नव्हते. म्हणून ते अनेक ग्रंथ वाचून टिपणे काढीत. या टिपणांतूनच मुसलमानी रियासत (१८९८) आकारास आली. मराठी रियासतीचा पहिला भाग १९०२ मध्ये निघाला व तिचे खंड १९३२ पर्यंत प्रसिद्ध होत राहिले. ब्रिटिश रियासत १९२३ पासून प्रसिद्ध झाली. घरच्या वर्गासाठी केलेली तयारी अशा रीतीने साऱ्या मराठी वाचकांचा इतिहासग्रंथ बनली.

या योजनेची दोन वैशिष्ट्ये लक्षात घेण्याजोगी आहेत. पहिले म्हणजे तिचा विस्तार. मराठ्यांचा इतिहास एकटाच न घेता त्याच्या आधीची मुसलमानी राजवट आणि नंतरची ब्रिटिश सत्ता यांची जोड दिल्यामुळे विद्यार्थ्यापुढे सलग कालपट उभा राहिला. दुसरे म्हणजे पुनर्लेखनाची तयारी. वि. का. राजवाडे यांच्या मराठ्यांच्या इतिहासाची साधने या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. वासुदेवशास्त्री खरे व द. ब. पारसनीस यांनीही कागदपत्रे प्रकाशात आणली. नवी साधने मिळाल्यावर सरदेसायांनी आपल्या पूर्वीच्या भागांत फेरफार केले. पाठ्यग्रंथ एकदा लिहून संपत नाही, हे त्यांनी कृतीने मान्य केले.

गायकवाडांच्या वाड्यात इतिहास शिकविणे ही नाजूक गोष्ट होती. गायकवाड घराणे तळेगावच्या सेनापती दाभाड्यांच्या आश्रयाने पुढे आले. १ एप्रिल १७३१ रोजी डभईच्या लढाईत पहिल्या बाजीरावाने त्रिंबकराव दाभाड्यांचा पराभव केला. त्रिंबकराव रणांगणावर पडला. पिलाजी गायकवाड दाभाड्यांच्या बाजूने लढला होता. पेशव्यांच्या दृष्टीने हा मध्यवर्ती सत्तेचा विजय होता; दाभाडे व गायकवाड यांच्या दृष्टीने तो आपल्या गुजरातेतील हक्कांवरील घाला होता. सातारच्या छत्रपतींच्या दृष्टीने तर दोघेही त्यांचेच सेवक होते. पिलाजीच्या वंशातील मुलांना ही लढाई शिकविताना शिक्षकाला कोणतीही एकच बाजू पुरेशी नव्हती. घरच्या शिक्षणात इतिहास घराण्याच्या गौरवापुरता उरण्याचा धोका असतो, तो येथे स्पष्ट दिसतो.

कामशेत : १९२५ मध्ये निवृत्त झाल्यावर सरदेसायांचे लेखन व संशोधन येथून चालू राहिले. पुण्यातील पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड त्यांनी १९३० ते १९३४ या काळात संपादित केले. जदुनाथ सरकार यांच्याशी त्यांचा दीर्घ स्नेह व पत्रव्यवहार होता. १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळातील पुण्याच्या अभ्यासकांचा मात्र दप्तराच्या कामाविषयी या दोघांशी मतभेद झाला. कागद कोणी पाहावेत व निवडावेत, हाच त्या वादाचा गाभा होता. मराठ्यांचा नवा इतिहास सांगणारे त्यांचे तीन इंग्रजी खंड १९४६ ते १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. १९५७ मध्ये त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला.

राष्ट्रीय शिक्षणाचा मार्ग : सरकारी शाळा नाकारणाऱ्यांनी घराऐवजी पर्यायी शाळेचाही मार्ग धरला. विष्णु गोविंद विजापूरकर (१८६३–१९२६) यांनी बंगालच्या फाळणीनंतरच्या चळवळीत समर्थ विद्यालय काढले. ते पुढे तळेगाव दाभाडे येथे चालले व १९१० मध्ये सरकारने ते बंद केले. अभ्यासक्रमाची निवड हा केवळ शिक्षणशास्त्राचा प्रश्न नसून सत्तेचाही प्रश्न आहे, हे या घटनेवरून दिसून येते.

आजची स्थिती : बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांना लागू आहे, १४ वर्षांवरील विद्यार्थी त्याच्या कक्षेबाहेर राहतो. घरी शिकणाऱ्याला परीक्षेसाठी मुख्यतः दोन वाटा उपलब्ध आहेत. १९८९ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणून स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची परीक्षा ही एक. आणि ‘१७ नंबरचा अर्ज’ या नावाने परिचित असलेला अर्ज भरून खाजगीरीत्या राज्य मंडळाची परीक्षा देणे ही दुसरी. काही कुटुंबे परदेशी मंडळांच्या परीक्षाही निवडतात.

या अभ्यासक्रमांत भर निरनिराळा आहे. राज्य मंडळाच्या २०१८ मध्ये आलेल्या दहावीच्या पुस्तकाचा आरंभ पाश्चात्त्य व भारतीय इतिहासलेखनाच्या परंपरांनी होतो व त्यात उपयोजित इतिहास, कला, प्रसारमाध्यमे, खेळ व पर्यटन यांना स्थान आहे. राष्ट्रीय परिषदेच्या २००६–०७ मधील नववी–दहावीच्या पुस्तकांत फ्रेंच राज्यक्रांती, राष्ट्रवाद, औद्योगिकीकरण असे जगाशी जोडलेले विषय होते. कोणत्याही एका पुस्तकाने सर्व गरजा भागत नाहीत. परीक्षेचे पुस्तक निवडल्यावरही त्याला जोड कशाची द्यावी, हा प्रश्न उरतोच.

निवडीची तत्त्वे : वरील इतिहासावरून चार गोष्टी आवश्यक ठरतात : कालक्रमाचे भान देणारा एक सलग ग्रंथ, काही मूळ कागद, नाणी, शिलालेख किंवा वास्तू, एकाच घटनेची परस्परविरोधी किमान दोन निवेदने, आणि प्रदेशाचा जगाशी असलेला संबंध. घोरावाडीच्या परिसरात ही साधने हाताशी आहेत. जवळच्या घोराडेश्वराच्या डोंगरात बौद्ध लेणी असून पुढे त्यांपैकी एकात शिवलिंगाची स्थापना झाली. एकाच वास्तूचा उपयोग काळानुसार कसा बदलतो, हे तेथे दिसते. तळेगाव हे दाभाड्यांचे ठाणे. वडगाव येथे जानेवारी १७७९ मध्ये मराठ्यांनी मुंबईकर इंग्रजांच्या फौजेला कोंडीत पकडून तहास भाग पाडले. १७७३ पासून मिळविलेला मुलूख परत करण्याचे इंग्रजांनी या तहात कबूल केले. परंतु वॉरन हेस्टिंग्जने तो अमान्य केला. इंग्रजी निवेदन व मराठी पत्रे शेजारी ठेवून हा प्रसंग वाचल्यास पुराव्याची पारख कशी करावी, याचा पाठ मिळतो.

वर्गात सहाध्यायांच्या शंका, निरनिराळ्या घरांतून आलेल्या गोष्टी आणि बदलणारे शिक्षक यांमुळे एका मताला आपोआप आडकाठी येते. घरी ती नसते. म्हणून गृहशिक्षणात विरोधी मत योजनापूर्वक आणावे लागते. पालकाला जे निवेदन पटत नाही, त्याचाही ग्रंथ विद्यार्थ्याच्या हाती देणे, ही अशा अभ्यासक्रमाची कसोटी ठरते. बडोद्यातील टिपणे दीर्घकाळ उपयोगी पडली, ती त्यांच्या कर्त्याने नव्या कागदांपुढे जुने लेखन बदलण्याची तयारी ठेवली म्हणून.