अश्रुमार्गाची दुसरी शस्त्रक्रिया : थोडा इतिहास, थोडा अनुभव

स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले तेव्हा त्यांची अपेक्षा बहुधा आपल्या पेठेच्या अथवा कापडधंद्याच्या इतिहासाची असावी. तो विषय माझ्याहून ज्येष्ठ मंडळी अधिक अधिकाराने हाताळतील. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. आयुष्य कापडाच्या ठाणांत गेले. तथापि सुईच्या नेढ्याएवढ्या एका मार्गाचा इतिहास मी गेली काही वर्षे आवडीने वाचीत आलो आहे. त्यास कारण माझ्या थोरल्या भगिनी, आक्का.

सन २००३ मध्ये आक्कांचे यजमान निवर्तले. त्याच सुमारास त्यांचा उजवा डोळा सतत पाझरू लागला. भेटीस येणारा प्रत्येकजण "आक्का, आता किती रडाल, सावरा" असे म्हणे. दोन वर्षे आम्ही घरची माणसेही हेच म्हणत होतो. रडतो आहे तो एकच डोळा, ही साधी गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही, याची मला आजही लाज वाटते. पुढे नाकालगतच्या कोपऱ्यात सूज येऊन दाबल्यावर पू येऊ लागला, तेव्हा निदान झाले : लासरू. २००५ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि आठ महिन्यांत डोळा पूर्ववत वाहू लागला. "एखाद्याच्या नशिबी यश नसते," एवढे सांगून आमची बोळवण झाली. आम्हीही ते मान्य करून सात वर्षे स्वस्थ बसलो.

वाचकांच्या सोयीसाठी रचना थोडक्यात सांगतो. पापण्यांच्या आतील टोकाशी दोन सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून अश्रू बारीक नळ्यांवाटे अश्रुपिशवीत व तेथून हाडाच्या नलिकेवाटे नाकात उतरतात. रडताना नाक वाहते ते यामुळेच. ही नलिका बंद पडली की पिशवीत पाणी साचते, सडते आणि पू होतो. चाळिशी-पन्नाशीनंतरच्या स्त्रियांत हा विकार अधिक आढळतो.

विकार पुरातन आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नेत्रसंधीच्या रोगांत 'पूयालस' सांगितला असून त्यावर रक्तमोक्षण व पोटीस हे उपाय दिले आहेत. रोमन ग्रंथकार सेल्सस याने तर व्रण कापून खालचे हाड तप्त लोखंडाने डागण्यास सांगितले आहे. ते वाचतानाही डोळ्यांत पाणी येते! पुढे १७१३ मध्ये डोमिनिक आनेल या फ्रेंच शल्यवैद्याने बारीक सळई व पिचकारी वापरून मार्ग मोकळा करण्याची रीत काढली आणि एकोणिसाव्या शतकात लंडनच्या विल्यम बोमन यांनी सळयांचा संच रूढ केला. त्या सळया आजही त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. परंतु प्रौढांत सळईने उघडलेला मार्ग सहसा टिकत नसे. तो मिटला की पुन्हा सळई, पुन्हा मिटला की अधिक जाड सळई, असा क्रम चाले. मार्ग पुन्हा का मिटतो, याचा विचार मागेच राही.

खरे वळण आले ते १९०४ मध्ये. फ्लॉरेन्सचे आदेओ तोती यांनी बंद नलिकेचा नाद सोडून दिला आणि पिशवी व नाक यांच्यामधील हाडच काढून तेथे नवी वाट केली. आपले डॉक्टर 'डी.सी.आर.' म्हणतात ती हीच शस्त्रक्रिया. मात्र शरीराच्या लेखी अशी वाट म्हणजे जखम, आणि जखम भरून काढणे हा शरीराचा धर्म. कापडात काज कापून कडा शिवल्या नाहीत तर ते उसवत जाते. देहात नेमके उलटे, कडा शिवल्या नाहीत तर काज मिटत जाते. १९२१ च्या सुमारास फ्रान्समधील द्युप्युई-द्युताँ व बुर्गे यांनी पिशवीचे अस्तर नाकाच्या अस्तराला टाके घालून जोडले, आणि यशाचे प्रमाण पुष्कळ वाढले. आमच्या दुकानातील शिंप्यास हे सांगितले, तेव्हा त्याने "यात नवल ते काय?" अशा मुद्रेने माझ्याकडे पाहिले.

तरीही काही शस्त्रक्रिया फसतच. अमेरिकेतील लिनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये चक्क मोजमाप केले : शस्त्रक्रियेच्या वेळी सरासरी सुमारे १२ मिलिमीटरची असलेली खिडकी बरी झाल्यावर २ मिलिमीटरहूनही लहान उरते, आणि तेवढ्यानेही पाणी नीट वाहते. कापड आटते हे आम्ही जाणतो. पण बारा हाताचे दोन हात झाले तर गिऱ्हाईक दुकान पेटवील! १९८७ मध्ये लंडनच्या मूरफिल्ड्स रुग्णालयातील वेल्हॅम व वल्क यांनी फसलेल्या शस्त्रक्रियांचा मागोवा घेणारा निबंध प्रसिद्ध केला. हाडातील खिडकी अपुरी किंवा चुकीच्या जागी असणे, जोडावर व्रणाची गाठ धरणे, दोन्ही बारीक नळ्या जेथे एकत्र येतात तेथेच अडथळा असणे, अशी कारणे त्यातून पुढे आली. कधी खिडकी उंचावर होते आणि पिशवीचा तळ विहिरीसारखा साचून राहतो. कधी नाकाचा वाकडा पडदाच वाट अडवतो. याचा अर्थ एवढाच की अपयशाला पत्ता असतो. वहीत फरक आला तर आपण जमाखर्चाची ओळ शोधतो, नशिबाच्या नावे टाकत नाही. आम्हाला मिळालेले उत्तर अपुरे होते, हे मला हा इतिहास वाचूनच कळले.

पत्ता शोधण्यास डोळा हवा, तो दुर्बिणीने दिला. नाकातून शस्त्रक्रिया करण्याचा प्रयत्न कॉल्डवेल यांनी १८९३ मध्येच केला होता, पण अंधारात काम करणार तरी किती? नाकाच्या आधुनिक दुर्बिणीमुळे ती रीत पुनरुज्जीवित झाली आणि १९८९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील मॅक्डोना व मायरिंग यांनी तिचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे ऑस्ट्रेलियातील वर्मल्ड यांनी दाखविले की, पिशवीचा बराच भाग शल्यवैद्य समजत होते त्याहून वर असतो; म्हणून हाड वरपर्यंत काढून पूर्ण पिशवी उघडावी. दुसऱ्या शस्त्रक्रियेस याचा मोठाच उपयोग झाला. चेहऱ्यावर पुन्हा छेद नको, आणि जुना व्रण प्रत्यक्ष दिसतो. व्रण पुन्हा धरू नये म्हणून सिलिकॉनची नळी काही आठवडे ठेवतात. मायटोमायसिन हे औषध काही मिनिटे लावण्याची पद्धतही तैवानमध्ये १९९७ पासून पुढे आली, यद्यपि तिच्या उपयुक्ततेविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. बारीक नळ्याच नष्ट झाल्या असतील, तर अमेरिकेच्या लेस्टर जोन्स यांनी १९६२ मध्ये सांगितलेली काचेची नळी हा शेवटचा उपाय.

जाता जाता एक गोष्ट आपल्या व्यापारी बंधूंसाठी. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत अश्रुमार्गाच्या विकारांसाठी स्वतंत्र विभाग असून त्यास गोविंदराम सेक्सरिया यांचे नाव दिलेले आहे. हे गृहस्थ मुंबईच्या कापूस बाजारातील बडे व्यापारी. कापसाचा व अश्रूंचा असा संबंध जुळेल, हे कोणाच्या स्वप्नात आले असेल?

असो. २०१२ मध्ये आक्कांना मोतीबिंदू झाला आणि प्रश्न ऐरणीवर आला. पिशवीत पू असताना मोतीबिंदूची शस्त्रक्रिया केल्यास जंतू डोळ्याच्या आत जाऊन दृष्टी गमावण्याचा धोका असतो, म्हणून डॉक्टर आधी पिचकारीने मार्ग तपासतात. आक्कांचे पाणी उलट फिरून आले. एका डॉक्टरांनी पिशवीच काढून टाकण्याचा जुना पर्याय सुचविला. त्याने पू थांबतो, पण डोळा जन्मभर वाहतो. दुसऱ्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मात्र प्रथम नाकात दुर्बीण घालून पाहिले आणि पडद्यावर आम्हाला दाखविले : जुनी खिडकी लहान होती, तीही व्रणाने बुजलेली. म्हणाल्या, "येथे अडले आहे. प्रयत्न करण्याजोगे आहे. खात्री मात्र देत नाही." आक्का बासष्ट वर्षांच्या होत्या. मी कचरत होतो. त्यांनीच होकार दिला. "सात वर्षं लोक मला रडवी म्हणतायत," एवढेच त्या बोलल्या.

शस्त्रक्रिया झाली, नळी ठेवली, दोन महिन्यांनी काढली. पुढील वर्षी मोतीबिंदूच्या आधी पुन्हा पिचकारी मारण्यात आली. "आजी, घशाला काही खारट लागले का?" असे डॉक्टरांनी विचारले.

"लागलं," आक्का म्हणाल्या, "आणि गिळलंसुद्धा."