१९ मार्च : सई परांजपे यांचा जन्म

चित्रपट दिग्दर्शिका सई परांजपे यांचा आज जन्मदिवस (१९३८). वडील रशियन, आई मराठी. आई शकुंतला परांजपे संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या. व्ही. शांताराम यांच्या 'कुंकू' चित्रपटात (१९३७) म्हाताऱ्या नवऱ्याच्या विधवा, समाजसेविका मुलीची भूमिका शकुंतलाबाईंचीच. सईंचे बालपण आजोबा, गणितज्ञ रँग्लर परांजप्यांच्या छायेत गेले. आठव्या वर्षीच सईंचे 'मुलांचा मेवा' हे पुस्तक छापून आले! पुढे पुणे आकाशवाणी, राष्ट्रीय नाट्य विद्यालय, दूरदर्शन असा प्रवास. अंध मुख्याध्यापकाच्या 'स्पर्श'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. तरी लोकांच्या जिभेवर राहिला तो 'चश्मेबद्दूर' (१९८१). त्यात दीप्ती नवल दारी येते, मळका टॉवेल बादलीत बुडवून 'चमको' धुलाई पावडरची करामत दाखवते आणि फारुख शेख बघतच राहतो. 'कथा' (१९८३) मराठी नाटकावरून घेतलेली. चाळीतला ससा आणि कासव. आमच्या मते मात्र 'दिशा' (१९९०) सर्वांत जड. मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौसरकडून पोटासाठी नागपूर-मुंबई गाठणाऱ्यांनी गिरणी कामगारांची ही गोष्ट जरूर पाहावी. २००६ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. 'सय' हे त्यांचे आत्मकथन.