फोन कुणाचा?

आमची कन्या इथे न्यूयॉर्कमध्ये आठवीत आहे. सप्टेंबर २०२५ पासून राज्यातल्या सरकारी शाळांत पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत स्मार्टफोन बंद झाले, आणि तिची भुणभुण सुरू झाली. "बाबा, आम्ही फोनवर क्विझ खेळत गणित करायचो, आता तेही नाही!" मी पडलो आयटीवाला. मलाही तिचंच पटलं. मग जरा मागचा इतिहास चाळला.

न्यूयॉर्क शहरात ही बंदी जुनीच. २००६ साली महापौर ब्लूमबर्ग यांच्या काळात अचानक मेटल डिटेक्टर लावून फोन जप्त होऊ लागले. ज्या शाळांच्या दारात कायमचे डिटेक्टर, तिथली मुलं रोज एक डॉलर देऊन बाहेरच्या ट्रकमध्ये फोन ठेवायची. इतरत्र फोन गुपचूप दप्तरात. नियम सगळ्यांना एक, भुर्दंड मात्र बहुतेक गरीब मुलांना. मार्च २०१५ मध्ये महापौर डी ब्लाझिओ यांनी बंदी उठवली, त्यामागे हेही एक कारण होतं.

आपल्याकडे प्रवास उलटा झाला. सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीच्या जि.प. शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. कोडवर फोन धरला की कविता ऐकू येई, धड्याचा व्हिडिओ दिसे. पुढे राज्याच्या पुस्तकांतही कोड आले. २०२० साली गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. दहा लाख डॉलरपैकी अर्धे त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांत वाटले.

माझी ताईही जि.प. शिक्षिका. २०२० च्या लॉकडाउनमध्ये मी तिला फोनवर मोठ्या उत्साहात म्हटलं, "पुस्तकात कोड आहेतच की, मग अडचण काय?" ती म्हणाली, "अरे, घरात फोन एकच, तोही बापाच्या खिशात. बाप कामावर गेला की शाळाही त्याच्याबरोबर गेली. रात्री तिघं भावंडं एका फोनवर. धाकटीचा नंबर लागेपर्यंत डेटा संपलेला!" मी गप्प बसलो. शाळा उघडल्यावर ती स्वतःचाच फोन वर्गाच्या मधोमध ठेवायची, व्हिडिओ मध्येच थांबवून प्रश्न विचारायची. मुलं शिकली ती तिथे, असं ती सांगते.

आम्हा इंजिनिअर लोकांना वाटतं, लिंक पोचली म्हणजे काम झालं. पण क्यूआर कोड म्हणजे नुसता दरवाजा. तो कधी उघडायचा आणि आत गेल्यावर काय विचारायचं, हे शिक्षकच ठरवतो. आणि फोन ज्याचा त्याचा असला, की वर्गात कुणीतरी बाहेर राहतंच.

म्हणून गेल्या पालकसभेत मी बंदीविरुद्ध बोललो नाही. एवढंच सुचवलं, की ज्या तासाला उपकरण लागेल त्या तासापुरतं शाळेनेच सगळ्यांना सारखं द्यावं. कन्या दोन दिवस रुसली होती. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाली, "बाबा, माझ्या शेजारच्या मुलीकडे फोनच नव्हता. क्विझच्या वेळी ती नुसती बघत बसायची."

चू.भू.द्या.घ्या.