परत येणारा बाण

दिवाळीच्या रात्री बाटलीत काडी उभी करून सोडलेला बाण सूंऽऽ करीत वर जातो, फुटतो, आणि त्याची जळकी काडी कोणाच्या कौलांवर पडली याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. बाण हा जायचाच, परत यायचा नाही, हे आपण धरूनच चालतो. हैदर-टिपूंच्या लोखंडी नळ्यांच्या बाणांनी इंग्रजांची झोप उडविली, तेही जाण्यासाठीच होते. मुलांच्या हाती देण्याजोगा आणि सुखरूप परत येणारा बाण करावा, हे सुचले ते अमेरिकेतल्या एका जोडे विकणाऱ्या दुकानदाराला. त्याची हकीकत मी सांगणार आहे, ती तिच्यात मुलांच्या बोटांचा आणि डोळ्यांचा प्रश्न आहे म्हणून.

नेब्रास्का राज्यातील नॉरफोक या गावी ऑर्व्हिल कार्लाइल हा गृहस्थ राहत असे. धंदा जोड्यांचा, पण नाद शोभेच्या दारूचा. त्याचा भाऊ रॉबर्ट हा विमानांच्या प्रतिकृतींचा षौकी. अग्निबाण कोणत्या तत्त्वावर उडतो यावर तो व्याख्याने देई, आणि श्रोत्यांना दाखविण्यासाठी त्याला काहीतरी उडणारे हवे होते. १९५४ साली ऑर्व्हिलने कागदाच्या नळीचा, हलक्या पंखांचा एक छोटा बाण सिद्ध केला. त्याची दारू जळून संपली की थोड्या वेळाने आतला एक लहानसा बार उडे, शेंडा निघे, आणि हवाई छत्री उघडून बाण अलगद खाली येई. नवी दारूची नळी घातली की तो पुन्हा उडावयास तयार! त्याचे नाव ‘रॉक-ए-शूट’.

ही गंमत कदाचित त्या गावातच राहिली असती. पण १९५७ साली जी. हॅरी स्टाइन या तज्ज्ञाचा अग्निबाणांच्या सुरक्षिततेवरील लेख एका मासिकात आला. स्टाइनने न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स येथील चाचणीक्षेत्रावर काम केलेले होते. लेख वाचून मुलांची पत्रे त्याच्याकडे येऊ लागली: आम्हांला अग्निबाण करावयाचा आहे, कसा करू? ऑक्टोबर १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक आकाशात फिरू लागल्यावर तर या वेडाला भरतीच आली. मुले लोखंडी नळ्यांत घरी कालविलेली दारू ठासून भरीत. अशी नळी फुटली म्हणजे तो बाण राहत नाही, बाँब होतो. कित्येक मुले जायबंदी झाली, काहींचे प्राणही गेले.

आता यावर उपाय काय? मोठ्या माणसांना सुचणारा पहिला उपाय बंदीचा. परंतु ज्या मुलाला आकाशाची ओढ लागली, ते बंदीने थांबत नाही. ते फक्त लपून करू लागते. कार्लाइलने आपला बाण स्टाइनकडे धाडला, तेव्हा स्टाइनला त्यात दुसरी वाट दिसली. धोक्याचा भाग, म्हणजे दारू भरणे, मुलांच्या हातून काढून कारखान्याकडे द्यावयाचा. आणि बुद्धीचा व हस्तकौशल्याचा सारा भाग मुलांकडेच ठेवावयाचा. बाण कागदाचा, हलक्या लाकडाचा. धातूची नळी नाही. पेटवावयाचा तो काडीने नव्हे, तर दूर उभे राहून, विजेच्या तारेने.

पण कारखान्याला हे जमावे कसे? एकसारखी, भरवशाची इंजिने हजारोंनी हवी होती. डेन्व्हरला शोभेच्या दारूचा धंदा करणाऱ्या कुटुंबातील व्हर्न एस्टिस या तरुणाने ते काम अंगावर घेतले, आणि दाबलेल्या हवेवर चालणारे एक यंत्र तयार केले. ‘मेबल’ असे त्याचे लाडके नाव. साडेपाच सेकंदांना एक इंजिन, हा तिचा वेग! पुढे एस्टिसने स्वतःचाच कारखाना थाटला आणि १९६१ मध्ये तो कोलोरॅडोतील पेनरोज येथे हलविला. इंजिने टपालाने घरपोच जात, आणि त्याच्या पत्रकांतून बाणांचे आराखडेही छापून येत.

असाच एक फुकट मिळालेला आराखडा समोर ठेवून मी आणि माझ्या भाच्याने एक बाण बांधला. जाड कागद पेन्सिलीभोवती गुंडाळून नळी केली, पुठ्ठ्याचे तीन पंख सारख्या अंतरावर चिकटविले, इंजिनाच्या जागी तेवढ्याच वजनाची मातीची कांडी घातली. मग तोलाच्या बिंदूला दोरा बांधून गच्चीवर तो गरगर फिरविला. शेंडा पुढे राहिला तर बाण सरळ जाणार. गिरक्या खाल्ल्या तर शेंड्यात वजन वाढवावयाचे किंवा पंख मोठे करावयाचे. आमच्या बाणाचा शेंडा पुढे राहिला. दिवाळीच्या बाणाला हे काम काडी करून देते, येथे ते पंख करतात, हे भाच्याला पुस्तकावाचून कळले.

“मामा, आता यात एका बाणाची दारू भरू या?” त्याने विचारले.

मी नाही म्हटले, आणि नॉरफोकच्या दुकानदाराची ही सारी हकीकत त्याला सांगितली. तयार इंजिन आमच्याजवळ नव्हते. आणि ते नसताना दारू भरावयाची म्हणजे त्या लोखंडी नळ्यांच्याच वाटेने जावयाचे. तो थोडा हिरमुसला. मग छत्रीसाठी पातळ कागद कापावयास बसला, आणि संध्याकाळपर्यंत ती छत्री गच्चीवरून पंचवीस-तीस वेळा तरी खाली सोडून झाली. प्रत्येक वेळी दोऱ्या कमीजास्त करून तो जिना उतरून ती परत आणीत होता.