दारू, गाडी आणि बंदूक : आपल्याकडे न आलेलं एक कलम

मंडळी, चहाच्या टपरीवर मला हमखास विचारला जाणारा एक प्रश्न. नाकाबंदीत एखादा पिऊन गाडी चालवताना सापडला आणि त्याच्या कमरेला पिस्तूल निघालं, तर पुढे काय? आणि पिस्तूल परवान्याचं असेल तर? बहुतेकांना वाटतं, दोन्ही एकत्र सापडलं म्हणजे काहीतरी मोठं कलम लागत असणार. तसं कलमच नाही. दारूचा गुन्हा एका पुस्तकात, बंदुकीचा दुसऱ्या, आणि या दोन पुस्तकांची गाठ कुठेच पडत नाही. का पडत नाही, ते समजायला दीडशे वर्षं मागे जावं लागेल.

१८७२ साली इंग्लंडच्या पार्लमेंटनं 'लायसेन्सिंग ॲक्ट' केला. मुळात तो दारूच्या दुकानांचा कायदा. पण त्याच्या १२ व्या कलमात असं आहे, की रस्त्यावर नशेत जो गाडी, घोडा, गुरं किंवा वाफेचं इंजिन हाकत असेल, किंवा नशेत ज्याच्याजवळ भरलेली बंदूक असेल, त्याला ४० शिलिंगांपर्यंत दंड नाहीतर महिनाभरापर्यंत कैद. मोटार अजून यायची होती! तरी पिऊन हाकणं आणि पिऊन बंदूक बाळगणं त्यांनी एकाच ओळीत बसवलं. ते कलम तिकडे आजही आहे.

त्यानंतर सहाच वर्षांनी, १८७८ मध्ये, इंग्रजांनी आपल्यासाठी शस्त्र कायदा केला. व्हाइसरॉय होता लॉर्ड लिटन. (त्याच साली या गृहस्थानं देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांच्या मुसक्या आवळणारा कायदाही आणला. आम्हा पत्रकारांच्या तो त्यासाठी जास्त लक्षात आहे.) १८५७ ची धास्ती अजून गेली नव्हती. हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना सक्तीचा झाला, युरोपियनांना सूट मिळाली. नशेतल्या बंदुकीचं घरचं कलम मात्र या कायद्यात आलं नाही. माझं मत विचाराल तर, सरकारला भीती बंडवाल्याची होती, बेवड्याची नव्हती.

या कायद्याचा राग इतका, की काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितलेला आहे. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला, १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. गोरा-काळा भेद गेला. दारूचं कलम त्यातही नाही.

दारूची गोष्ट वेगळ्याच वाटेनं गेली. १९३९ च्या मोटार कायद्यात कसोटी होती ती नियंत्रणाची : चालक इतका प्यालाय का, की गाडी त्याच्या ताब्यात राहणार नाही? हे कोर्टात सिद्ध करणं म्हणजे डोकेदुखी. इकडे मुंबई राज्यानं १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा केला. (तो अजून आहे. महाराष्ट्रात प्यायलाही परवाना लागतो, हे किती जणांना ठाऊक असतं?) १९७१ साली त्याच कायद्याखालच्या, महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की तोंडाला वास, अडखळती चाल आणि असंबद्ध बोलणं एवढ्यावर माणूस प्यालेला होता असं ठरवता येणार नाही. रक्ततपासणीचं महत्त्व तिथून पोलिसांना चांगलंच समजलं. मग १९८८ चा मोटार वाहन कायदा आला आणि १९९४ च्या दुरुस्तीनं त्याच्या कलम १८५ मध्ये आकडा बसला : १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल. झोक जातोय की नाही, हा वादच संपला.

बंदुकीच्या पुस्तकात असा आकडा आजही नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांत नियम ३२ आहे. सार्वजनिक ठिकाणी शस्त्र पूर्ण झाकलेलं हवं आणि बाळगणाऱ्याचं त्यावर 'प्रभावी नियंत्रण' हवं. म्हणजे मोटारीचा कायदा १९३९ मध्ये जिथं होता, तिथं बंदुकीचा कायदा आज उभा आहे.

२०१९ मध्ये संसदेनं दोन्ही पुस्तकं एकाच वर्षी उघडली. पिऊन गाडी चालवल्याचा पहिला दंड दोन हजारांवरून दहा हजारांपर्यंत नेला, सहा महिन्यांपर्यंतची कैद होतीच. शस्त्र कायद्यात लग्न-वरातीतल्या बेदरकार गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. विनापरवाना बंदुकीची किमान शिक्षा दोन वर्षं झाली. पण दोन्ही पुस्तकं पुन्हा वेगवेगळीच मिटली.

आता आपल्या नाकाबंदीकडे या. शस्त्र विनापरवाना असेल तर प्रश्नच नाही, तो सरळ शस्त्र कायद्याचा गुन्हा. परवाना असेल तर चालकावर १८५ लागतं. कलम २०२ खाली वॉरंटशिवाय अटक होते, पण दोन तासांत डॉक्टरी तपासणी झाली नाही तर सोडावं लागतं. बंदूक उघडी सीटवर ठेवलेली असेल, तर परवान्याची अट मोडल्याबद्दल कलम ३०, म्हणजे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. नीट झाकलेली असेल तर उरतं फक्त कलम १७. सार्वजनिक सुरक्षिततेसाठी परवाना निलंबित किंवा रद्द करायचा अधिकार परवाना देणाऱ्याकडे असतो, म्हणजे आपल्या जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे.

आणि मागच्या सीटवर पिऊन बसलेले साहेब, ज्यांची गाडी ड्रायव्हर चालवतोय आणि पिस्तूल त्यांच्याच कमरेला आहे? त्यांना १८५ लागतच नाही. आपल्या भागात हेच चित्र जास्त दिसतं, नावं घ्यायची गरज नाही.

सगळी मदार मग एका कागदावर येते. पोलीस ठाण्यातून जिल्हाधिकारी कार्यालयात अहवाल गेला तर फाईल हलते. नाही गेला, तर परवान्याचा विषय थेट नूतनीकरणाला निघणार. परवान्याची मुदत पूर्वी तीन वर्षांची होती. २०१९ च्याच दुरुस्तीनं ती पाच केली.