झुडपी रानाला पडीक म्हणू नका

प्राणहितेच्या एका काठावर जुना आदिलाबाद जिल्हा, दुसऱ्या काठावर सिरोंचा. या भागात बोरी-करवंदीची खुरटी झुडपं दिसली की एकच निदान ऐकू येतं: जंगल उजाड झालंय, झाडं लावा. यामागची तळमळ खरी आहे, पण निदान चुकीचं आहे. जेर्डनचा धाविक हा पक्षी त्याचा सबळ पुरावा आहे.

एकोणिसाव्या शतकात निसर्ग अभ्यासक ब्लॅनफर्ड यांनी हा पक्षी सिरोंचा आणि भद्राचलमजवळ नोंदवला. १९०० मध्ये तो अनंतपूरजवळ दिसला, त्यानंतर दिसेनासा झाला आणि नामशेष समजला गेला. जानेवारी १९८६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे भारत भूषण यांना तो आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्यात पुन्हा गवसला, तोही स्थानिक पारध्यांच्या मदतीने. हा पक्षी रात्री फिरतो, आणि हे त्या माणसांना ठाऊक होतं.

पुढे अभ्यासकांनी झुडपांमधल्या वाटांवर बारीक मातीचे पट्टे अंथरले. रात्री धाविक त्यावरून गेला की सकाळी तीन बोटांचे ठसे उमटलेले सापडत. ते मोजल्यावर कळलं, की हेक्टरी साधारण ३०० ते ७०० मोठी झुडपं आणि त्यांच्यामध्ये उघडी माती असेल, तिथेच तो जास्त वावरतो. झुडपं तोडली की त्याचा आडोसा जातो. ती दाटली की पळायची, किडे टिपायची जागा जाते. म्हणजे आपण जिला उणीव समजतो, ती मोकळी जागाच त्याची गरज आहे.

यावर आक्षेप येतो: हे रानही मुळात तोडलेल्या जंगलाचाच अवशेष नाही का? काही ठिकाणी नक्कीच आहे. आदिलाबादेत सागवान तोडल्यावर उरलेलं झुडूप पुष्कळ आहे. तिथे सागाच्या बुंध्यांना फुटवे दिसतील; त्या रानाला पुन्हा वाढू द्यावं. पण उथळ, मुरमाड जमिनीवर, जिथे एकही जुना बुंधा नाही, तिथे खड्डे खणणं म्हणजे एक अधिवास पुसून दुसरा लादणं होय.

दुसरा आक्षेप असा, की सिरोंचा-भद्राचलमच्या गोदावरीकाठी धाविक आता कुठे आहे? ब्लॅनफर्डनंतर तिथली पक्की नोंद नाही, हे खरं. पण कडप्पातही ८६ वर्षं तो नाहीच असं मानलं जात होतं. शोध न घेता नकार देणं हे शास्त्र नव्हे.

सिरोंचा ज्या विदर्भात येतं, तिथे 'झुडपी जंगल' या नावाने नोंदलेली सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन आहे. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती वनजमीनच असल्याचा निर्वाळा दिला. कायद्याने तिला जंगल म्हटलं, आता वृक्षारोपण करणाऱ्यांनीही म्हणावं. रोपं उतरवण्याआधी माती पाहावी, बुंधे शोधावेत, रात्री टॉर्च घेऊन फिरावं आणि गुराख्यांना विचारावं. एवढं केल्याशिवाय झुडपी रानात एकही खड्डा पडता कामा नये.